मसाज संपल्यावर नेमकं काय लक्षात राहतं? मुळशीतल्या स्पापासून दिवाळीच्या अभ्यंगापर्यंत

शनिवारी सकाळी पुण्याहून निघालं की चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड असं करत गाडी मुळशीच्या धरणाकडे लागते. सुट्टीच्या दिवशी या रस्त्यावर गाड्यांची रांग ठरलेली. पिरंगुटच्या गर्दीतून सुटून भातखाचरं आणि डोंगर दिसायला लागेपर्यंत गाडी चालवणाऱ्याची मान आखडलेली असते आणि खांदे कानापर्यंत चढलेले असतात. मग रिसॉर्ट येतं, गवती चहा येतो, पांढरा गाऊन येतो आणि साठ किंवा नव्वद मिनिटांचा मसाज होतो. बिल बहुतेक वेळा काही हजारांत जातं.

तीन महिन्यांनी याच माणसाला विचारलं की मसाज कसा होता, तर बऱ्याचदा उत्तर येतं, "छान होता." पुढे काही सांगता येत नाही. कुणी मात्र एकदम नेमकं सांगतं, "त्या मुलीने शेवटी पायांना गरम टॉवेल गुंडाळला होता, तसाच झोपून गेलो." आणि कुणी म्हणतं, "बाकी सगळं चांगलं होतं, पण हात बर्फासारखे गार होते हो तिचे."

खोली तीच, तेल तेच, मिनिटंही तितकीच. मग एकाला तो तास जन्मभर लक्षात राहतो आणि दुसरा आठवड्यात विसरतो, असं का होतं? यात थेरपिस्टच्या हातात नेमकं काय असतं? यामागे मेंदूचं आणि त्वचेचं बऱ्यापैकी अभ्यासलेलं गणित आहे, आणि त्यातला बराचसा भाग मराठी घरांना आधीपासून ठाऊक आहे.

मुळशीत स्पा आले कुठून?

मुळशी तालुक्याची ओळख एकेकाळी आंबेमोहोर तांदूळ, तालमी आणि धो धो पाऊस अशी होती. मुळा नदीवरचं धरण टाटांच्या वीज कंपनीने १९२० च्या दशकात बांधलं. त्याचं पाणी सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्राला जातं. या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला, त्याचं नेतृत्व सेनापती बापटांनी केलं. धरण झालंच. आज ज्या पाण्याकडे बघत पाहुणे निवांत पडतात, त्याच पाण्याखाली कुणाची तरी शेतं आहेत, ही गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही.

पुढे पुणं वाढलं, हिंजवडीत आयटी कंपन्या आल्या आणि शहरापासून तास-दीड तासावरचं हे पाणी आणि डोंगर सुट्टीसाठी सोयीचे झाले. लवासा याच तालुक्यात उभं राहिलं. शेतघरं, रिसॉर्टं आली. २०१६ मध्ये मुळशीच्या जलाशयाजवळ 'आत्मंतन' हे वेलनेस केंद्र सुरू झालं, तिथे लोक एका तासासाठी नव्हे, तर कित्येक दिवसांच्या मुक्कामाला जातात. आयुर्वेदिक उपचार देणारी केंद्रंही या भागात आहेत. म्हणजे आता मुळशीत मसाज हा एक रोजगार आहे, आणि त्यात स्पर्धा आहे. स्पर्धा आली की पहिला खर्च संगमरवर, मेणबत्त्या आणि काचेच्या भिंतीवर होतो. पण पालथ्या झोपलेल्या माणसाला काचेतून दिसणारा तलाव दिसत नाही. त्याला टेबलाच्या गोल भोकातून फरशी दिसते आणि थेरपिस्टची पावलं दिसतात.

गार पाण्यातला हात

आठवण कशी तयार होते, हे समजून घ्यायला १९९३ मधला एक प्रयोग उपयोगी पडतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना एक हात १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद बुडवायला लावला. १४ अंश ऐकायला फार वाटत नाही, पण मिनिटभरात हात चांगलाच दुखतो. मग दुसरा हात तितकाच वेळ तितक्याच गार पाण्यात ठेवायला लावला, पण त्यानंतर हात बाहेर काढू न देता आणखी ३० सेकंद ठेवला आणि त्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. नंतर विचारलं, यातलं पुन्हा एकदा करायचं असेल तर कोणतं निवडाल?

बहुतेकांनी दुसरं निवडलं. म्हणजे जास्त वेळ त्रास देणारं! कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता.

पुढे आतड्याच्या दुर्बीण तपासणीतही हेच दिसलं. काही रुग्णांच्या तपासणीच्या शेवटी नळी लगेच न काढता थोडा वेळ स्थिर ठेवली. तपासणी लांबली, पण शेवटची मिनिटं कमी दुखरी गेल्यामुळे या रुग्णांना नंतर ती एकूणच कमी त्रासाची वाटली. आपली आठवण अनुभवाची सरासरी काढत बसत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, या दोनच गोष्टींवर ती बराचसा निकाल देते, आणि एकूण किती वेळ गेला हे जवळजवळ विसरून जाते.

मसाजला हे लावून बघा. नव्वद मिनिटांचा मसाज साठ मिनिटांच्या दीडपट लक्षात राहत नाही. पंचेचाळीस मिनिटं उत्तम गेली आणि शेवटी दारावर टकटक झाली, दिवा भसकन लागला आणि "झालं मॅडम" म्हणून थेरपिस्ट निघून गेली, तर आठवणीत तो दिवाच राहतो. आणि पाठीत अंगठा एकदाच जरा जास्त खुपसला गेला असेल, तर तोही राहतो.

घरचं अभ्यंग इतकं का आठवतं?

आता नरक चतुर्दशीची पहाट आठवा. बाहेर अंधार, थंडी, पाटाभोवती रांगोळी. कोमट केलेलं तेल, आईचा किंवा आजीचा हात, डोक्यावर थापलेलं तेल कानामागून ओघळतंय. मग उटणं, कढत पाणी, अर्ध्या आंघोळीत ओवाळणं, बाहेर फुटणारे फटाके. आंघोळ झाली की अंगठ्याने कारीट फोडायचं, नवे कपडे घालायचे आणि फराळाला बसायचं.

कुठल्याही पंचतारांकित स्पाच्या सल्लागाराने कागदावर आखावा असा हा कार्यक्रम आहे. सुरुवात ठरलेली, वास वर्षातून एकदाच येणारा, मधे एक कळसाचा क्षण, आणि शेवट तर काय, कडू कारीट आणि गोड फराळ. प्रत्यक्ष तेल लावायला दहा मिनिटंही लागत नाहीत. तरी पन्नाशीतल्या माणसाला उटण्याचा वास आला की तो सहा वर्षांचा होतो. वासाचे संदेश मेंदूत भावना आणि आठवणींशी संबंधित भागांपर्यंत फार थेट रस्त्याने पोहोचतात, त्यामुळे असं होतं.

यात मुळशीतल्या थेरपिस्टसाठी एक साधी गोष्ट दडलेली आहे. बँकॉक, गोवा, दुबई, सगळीकडे स्पामध्ये तोच लव्हेंडरचा वास येतो, त्यामुळे तो कुठल्याच जागेचा उरत नाही. वाळा, नागरमोथा, कचोरा यांचा वास मात्र मराठी पाहुण्याला कुठेतरी घेऊन जातो, आणि परक्या पाहुण्याला तो दुसरीकडे कुठे मिळत नाही. फक्त एकच वास असावा आणि तो मंद असावा. खोलीत उदबत्ती, तेलात एक सुगंध, टॉवेलला दुसरा आणि वर फिनाइल, असं झालं की डोकंच चढतं.

तसंही मसाज ही बाहेरून आलेली चैन नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येतच अभ्यंग सांगितलेलं आहे, आणि डोकं, कान व पाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलं आहे. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला येणाऱ्या मावशी अजूनही गावोगावी आणि शहरांतही आहेत. तालमीत पैलवानांचं मालिश असतं. 'स्पा' हे नाव बेल्जियममधल्या झऱ्यांच्या एका गावाचं, पण 'शाम्पू' हा शब्द आपल्याकडच्या 'चांपणे' या अर्थाच्या हिंदी शब्दावरून इंग्रजीत गेला. पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधल्या ब्रायटन इथे वाफेचं स्नान आणि चंपी देणारं स्नानगृह चालवलं, आणि थेट राजा चौथा जॉर्ज यांचे 'शाम्पूइंग सर्जन' म्हणून त्यांची नेमणूक झाली. स्वीडिश मसाजमधल्या हातांच्या प्रकारांना आजही फ्रेंच नावं आहेत आणि ती रूढ करण्याचं श्रेय सहसा योहान मेत्झगर या डच डॉक्टरला दिलं जातं. नावांवर फार जाऊ नये, हा त्याचा अर्थ.

त्वचेला आवडतो तो वेग

आता प्रत्यक्ष स्पर्शाकडे. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हात, पाठ, पाय, चेहरा इथे काही विशेष मज्जातंतू असतात. बोट कुठे टेकलं, किती जोरात टेकलं हे सांगायचं काम दुसऱ्या, वेगवान तंतूंचं. हे मात्र संथ असतात आणि हळुवार कुरवाळण्याला प्रतिसाद देतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की मऊ ब्रशने त्वचेवरून सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर या वेगाने फिरवलं की हे तंतू सर्वात जास्त जागे होतात, आणि नेमका तोच वेग लोकांना सर्वात सुखद वाटतो. फार भरभर किंवा अगदीच सावकाश फिरवलं तर सुख कमी होतं. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की स्पर्श करणारी वस्तू त्वचेच्या नेहमीच्या तापमानाची, म्हणजे सुमारे ३२ अंशांची असेल तेव्हा हे तंतू उत्तम काम करतात.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. कोपरापासून मनगटापर्यंत साधारण २५ सेंटीमीटर अंतर असतं. सेकंदाला ३ सेंटीमीटर धरलं तर हात एकदा खाली आणायला आठ सेकंद लागायला हवेत. घड्याळ लावून करा, मग लक्षात येईल की आठ सेकंद किती लांब असतात. सलग चौथ्या पाहुण्याला मसाज देणाऱ्या, दमलेल्या थेरपिस्टचा हात नकळत दुप्पट-तिप्पट वेगाने जातो. तेल तेच राहतं, हालचालही तीच राहते, पण शरीराला ते "काम उरकणं" वाटतं.

तापमानाचं महत्त्व मुळशीत तर फारच. जून ते सप्टेंबर इथे हवेत इतका ओलावा असतो की टॉवेल वाळत नाहीत, गाद्यांना कुबट वास येतो आणि हात गारठलेले असतात. गार हाताचा पहिला स्पर्श झाला की पाठीचे स्नायू आक्रसतात आणि पुढची दहा मिनिटं ते सोडवण्यात जातात. म्हणून पावसाळ्यात हात गरम पाण्यात बुडवून, पुसून मग आत येणं आणि तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवणं ही पहिली पायरी. तेल आधी स्वतःच्या मनगटावर बघायचं, बाळाचं दूध बघतात तसं. ओलसर टॉवेल मात्र कितीही सुगंधी केला तरी लपत नाही.

पहिला स्पर्श तेलाचा नसावा, हे जाणकार थेरपिस्ट पाळतात. चादरीवरूनच दोन्ही तळवे पाठीवर स्थिर ठेवायचे आणि चार-पाच श्वास तसेच थांबायचं. पालथ्या झोपलेल्या माणसाला पुढे काय होणार हे दिसत नसतं, त्यामुळे त्याचं शरीर सावध असतं. हात टेकला, स्थिर राहिला, की ते सावधपण ओसरतं. नंतरही दोन्ही हात एकदम उचलू नयेत. तेल घ्यायला जाताना एक हात अंगावर असला की "ही गेली कुठे?" हा प्रश्न पडत नाही.

"प्रेशर ठीक आहे?" हा प्रश्न का फसतो

जवळजवळ प्रत्येक स्पामध्ये हा प्रश्न विचारतात आणि जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस "हो, ठीक आहे" असं उत्तर देतो. सातारहून मुलाबरोबर आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा असा मसाज घेणाऱ्या काकू तर कळ सहन करतील, पण समोरच्या पोरीला वाईट वाटेल म्हणून बोलणार नाहीत. दुखणं म्हणजेच चांगला मसाज, असं मानणारेही बरेच असतात.

त्यापेक्षा निवड द्यावी. "थोडं हलकं करू, की अजून जोर देऊ?" असं विचारलं की "हो" म्हणून सुटता येत नाही, काहीतरी निवडावं लागतं. आणि निवडलेलं खरोखर बदललं की त्या माणसाला कळतं, आपलं ऐकलं जातंय. शरीराची भाषाही असते. पायाची बोटं वळली, मूठ आवळली, श्वास रोखला, की तोंडाने काहीही म्हटलं तरी जोर जास्त झालेला असतो.

भारतातल्या स्पांमध्ये केरळ आणि ईशान्येकडच्या राज्यांतून आलेल्या थेरपिस्ट मोठ्या संख्येने काम करतात. काकूंशी त्यांचं बोलणं मोडक्या हिंदीतून चालतं. "दुखतंय का?", "हळू करू?", "कुशीवर वळा", "सावकाश उठा", एवढी चार मराठी वाक्यं शिकायला एक दुपार पुरते आणि त्याचा परिणाम महागड्या तेलापेक्षा जास्त होतो. याउलट, मसाज चालू असताना गप्पा मारणं हे पाहुण्याने सुरू केलं तरच.

पहिल्यांदा येणाऱ्याची खरी भीती वेगळीच असते, आणि ती कुणी विचारत नाही. कपडे किती काढायचे? अंगावर काय राहणार? मसाज बाई देणार की पुरुष? हे सगळं खोलीत जायच्या आधी, साध्या शब्दांत सांगावं. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा आणि बाकी सगळं झाकलेलं, ही पद्धत आहे. चादर बाजूला करायच्या आधी "आता पाठीवर घेते" असं सांगायला दोन सेकंद लागतात. लाज वाटत असलेल्या माणसाचे स्नायू सैल होत नाहीत, मग हात कितीही कुशल असो.

मसाज कधी नाही म्हणायचा

इथे फक्त सुखाचा प्रश्न नाही. एका पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिथे रक्ताची गुठळी झालेली असू शकते. लांबच्या विमानप्रवासानंतर किंवा नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेनंतर ही शक्यता वाढते. ती पोटरी चोळली आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतू शकतं. अशा वेळी थेरपिस्टने मसाज न देता डॉक्टरकडे पाठवायचं असतं. पैसे परत करावे लागले तरी.

मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे गरम दगड किंवा शेक चटका देऊन जातो आणि त्या माणसाला तेव्हा कळतही नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोराच्या मसाजने काळेनिळे डाग पडतात. ताप, त्वचेचा संसर्ग, गरोदरपण, चालू असलेले कर्करोगाचे उपचार, तीळ-शेंगदाणा-बदाम यांची अॅलर्जी, हे सगळं आधी विचारायला हवं. फॉर्म भरून घेतात, पण बरेचदा तो रिसेप्शनच्या खणातच राहतो आणि थेरपिस्टपर्यंत पोहोचत नाही. फॉर्म हातात घेऊन "तुम्ही डाव्या खांद्याचं लिहिलंय, कधीपासून?" एवढं विचारलं तरी सुरक्षितता आणि आपुलकी दोन्ही एकाच वाक्यात साधतात.

अजीर्ण झालेल्याने आणि कफाचा त्रास असलेल्याने अभ्यंग करू नये, असं वाग्भटानेही सांगून ठेवलंय. मुळशीत याचा अर्थ सरळ आहे. दुपारी तांदळाची भाकरी आणि गावरान कोंबडीचा रस्सा यांवर ताव मारून तीनच्या मसाजला पालथं झोपू नये.

तसंच, "मसाजने शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडतात" हे वाक्य थेरपिस्टने बोलणं बंद केलेलं बरं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. व्यायामानंतरचं लॅक्टिक अॅसिडही मसाजची वाट न बघता आपसूक कमी होतं. मसाजने चिंता कमी होते आणि आखडलेपणाला काही काळ आराम पडतो, याला अभ्यासांचा आधार आहे. तेवढं खरं सांगितलं तरी पुरेसं आहे.

शेवटची दहा मिनिटं

शेवट आठवणीत राहतो हे मान्य केलं, तर वेळेचं गणित बदलावं लागतं. साठ मिनिटांत पन्नास मिनिटं मसाज आणि दहा मिनिटं उतरण. पण प्रत्यक्षात पाठीवर वेळ जास्त जातो, मग डावा पाय बारा मिनिटं आणि उजवा पाच मिनिटं, आणि शेवटी घाई. डावा-उजवा फरक पाहुण्याला हमखास कळतो, कारण शरीर तो मोजत असतं.

उतरणीत हालचाली संथ आणि लांब होत जातात, जोर कमी होतो. पाय शेवटी ठेवणं चांगलं. तळव्यांवरचं तेल गरम ओल्या टॉवेलने पुसून घेतलं की दोन गोष्टी होतात: ती ऊब लक्षात राहते आणि माणूस घसरत नाही. आयुर्वेदिक केंद्रातल्या लाकडी टेबलावर तेलाने माखलेला माणूस उतरताना हे फार महत्त्वाचं. मग शांतपणे सांगायचं की मसाज झाला आहे, पाच मिनिटं पडून राहा, मी बाहेर आहे. एकदम उठलं तर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून आधी कुशीवर, मग बसून, मग उभं राहायचं. वयस्कर माणसाला हात द्यायचा.

आणि त्यानंतर? त्यानंतर बहुतेक ठिकाणी अर्धवट जागा असलेला माणूस पांढऱ्याफेक उजेडात काउंटरपुढे उभा केला जातो. बिल, जीएसटी, "आमचं हे तेल घरी वापरून बघा", पाच ताऱ्यांचा अभिप्राय आणि टिपची अपेक्षा. थेरपिस्टने तासभर विणलेलं सगळं इथे उसवतं. पैसे आधी घेणं, विक्री दुसऱ्या दिवशी करणं आणि तिथे आधी एक कप कोमट पाणी किंवा चहा देणं, एवढं व्यवस्थापनाला सहज जमण्यासारखं आहे. यात थेरपिस्टचा काहीच दोष नसतो, तरी अभिप्रायात गुण मात्र तिचे जातात.

तिच्या अंगठ्याचं काय?

संथ हात, उबदार स्पर्श, नेमकं विचारणं, हे सगळं दिवसभरात सहाव्या पाहुण्यालाही द्यायचं असेल तर त्या हातांची काळजी घ्यावी लागते. अंगठा आणि मनगट ही या व्यवसायातली सर्वात आधी निकामी होणारी अवयवं आहेत. अंगठ्याने जोर देण्याऐवजी कोपराखालचा हात वापरणं आणि खांद्यांनी न ढकलता पाय फाकवून शरीराचं वजन टाकणं हे शिकवलं जातं. टेबल फार उंच असलं की जोर खांद्यातून येतो, फार खाली असलं की कंबर जाते. हात सैल सोडून उभं राहिल्यावर मुठीची हाडं टेबलाला टेकतील इतकी उंची साधारण योग्य मानतात. पण टेबल एक आणि थेरपिस्ट चार, प्रत्येकीची उंची वेगळी, आणि दोन मसाजांच्या मधे चादर बदलायलाच जेमतेम वेळ. मधली पंधरा मिनिटं कापून दिवसात एक मसाज वाढवता येतो. त्याची किंमत आधी शेवटच्या पाहुण्याला आणि नंतर तिच्या मनगटाला मोजावी लागते.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड, पण टाळण्यासारखी नाही. स्पाच्या नावाखाली चालणाऱ्या धंद्यांवर छापे पडल्याच्या बातम्या येतात आणि त्यांची सावली प्रामाणिक काम करणाऱ्या प्रत्येक थेरपिस्टवर पडते. घरी "मी स्पामध्ये काम करते" असं सांगताना तिला अडखळायला होतं. पाहुण्याने नको ते सुचवलं, हात लावला, तर तिथल्या तिथे मसाज थांबवून खोलीबाहेर पडण्याचा तिला हक्क आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि त्यात बाहेरून येणाऱ्या माणसांपासूनची सुरक्षाही येते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असावीच लागते. "ग्राहक देवासारखा" ही पाटी इथे लागू होत नाही. ज्या थेरपिस्टला ठाऊक आहे की आपण थांबलो तर मॅनेजर आपल्या बाजूने उभा राहील, तिचे हात निर्धास्त असतात, आणि ती निर्धास्ती त्या टेबलावर पडलेल्या चांगल्या पाहुण्यापर्यंतही पोहोचते.

पाहुण्यांनीही एक गोष्ट ठरवता येते, ती म्हणजे वेळ. रविवारी दुपारी तीनचा मसाज घेतला तर साडेचारला गाडीत बसावं लागतं, आणि पौड सोडलं की पिरंगुटची रांग सुरू. चांदणी चौकात पोहोचेपर्यंत खांदे पुन्हा कानाशी आलेले असतात. शनिवारी संध्याकाळची वेळ घ्यावी, वर हलकं जेवावं आणि तेलकट केसांनीच तिथे झोपून जावं.